एकट्या खिळ्याचे व्होल्ट

"बांगड्या, खरं खरं सांग. एकट्या खिळ्याला व्होल्ट किती?"

रुचिताने कोरा करकरीत खिळा नाचवत विचारलं. मागे धक्क्याच्या पायरीवर शमिका आणि फ्लोरा तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैजच तशी लागली होती. "या यंत्रमाशाला सगळं येतं म्हणे! त्याला न येणारा एक तरी प्रश्न विचारून दाखव. जमलं, तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू."

बांगडा म्हणजे वेळाणे बंदराचा रोबो. हातभर लांब, पाठीवर निळसर पट्टे, पोटात मीटर. बोटींच्या पोलादी तळाखाली पोहत जायचं आणि कुठे गंज चढतोय ते मोजून सांगायचं, ही त्याची नोकरी. फावल्या वेळात पोरांच्या प्रश्नांना उत्तरं.

बांगड्याने दोनदा डोळे मिचकावले. "माहीत नाही," तो म्हणाला. "आणि जगात कुणालाच माहीत नाही."

"हरला गो, हरला!" शमिका किंचाळली.

रुचिताने दप्तर फ्लोराच्या गळ्यात अडकवलंसुद्धा. पण दोन पावलं जाऊन ती थबकली.

"कुणालाच माहीत नाही? मग परवा आमच्या सातेरीचा आकडा कसा सांगितलास? उणे ०.६३ व्होल्ट?"

त्या आकड्याने घरातलं हसूच पळवलं होतं. सातेरी ही बाबांची बोट. तिच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवलेल्या. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण) पुरवत राहतं, म्हणून लोखंड गंजत नाही. सगळं ठीक असेल, तर आकडा उणे ०.८० किंवा त्याच्याही खाली येतो. सातेरीचा आला नाही. आणखी आठ बोटींचाही आला नाही. सोमवारी मासेमारीचा हंगाम सुरू होणार, आणि या नऊ बोटींना समुद्राची बंदी! सातेरी किनाऱ्यावर ओढायची ठरली होती. उद्या सकाळी तिच्या तळाचे पत्रे कापायला माणसं येणार होती.

"एकट्या धातूचं मोजता येत नाही," बांगडा म्हणाला. "पटत नसेल तर करून बघ."

रुचिता असल्या आव्हानाला नाही म्हणणाऱ्यांतली नव्हती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून तर नव्हतीच नव्हती! तिने दप्तरातला छोटा मीटर काढला आणि ग्लासभर समुद्राचं पाणी घेतलं. मीटरची लाल तार खिळ्याला जोडून खिळा पाण्यात सोडला, काळी तार नुसतीच पाण्यात बुडवली. मीटरवर आकडा उमटला : उणे ०.३८.

"मोजलं की!" तिने उडीच मारली. "एकट्या खिळ्याचं!"

"काळ्या तारेचं टोक कसलं आहे?"

"तांब्याचं."

"तिथे चांदी लावून बघ."

शमिकाने कुरकुरत पायातलं पैंजण काढून दिलं. आता आकडा आला उणे ०.५२. रुचिताने मीटर हलवून पाहिला. खिळा तोच, पाणी तेच, आणि आकडा वेगळा?

"तुला वाटलं, काळी तार नुसती पाण्याला टेकलीय," बांगडा म्हणाला. "पण खाऱ्या पाण्यात बुडालेला कुठलाही धातू गप्प बसत नाही. तोही विद्युतअग्र (द्रावणातला धातू, जिथे इलेक्ट्रॉनची देवघेव चालते) होतो. म्हणजे ग्लासात दोन विद्युतअग्रं होती, खिळा आणि तुझी तार. तुम्ही रस्सीखेच खेळता ना? समोर कुणीच नसेल, तर तुमच्या संघाचा जोर कळेल?"

"कसा कळणार? धपकन मागे पडू!"

"आणि समोर दहावी 'अ' असेल तर दोर एवढा सरकेल, 'ब' असेल तर तेवढा. मीटरला फक्त सरकलेला दोर दिसतो. त्याला विभवांतर (दोन विद्युतअग्रांच्या ओढीतला फरक) म्हणतात."

"मग प्रत्येकाचा आकडा वेगळाच येणार," फ्लोरा म्हणाली. "नुसता गोंधळ!"

"म्हणून शास्त्रज्ञांनी सगळ्यांसाठी एकच प्रतिस्पर्धी ठरवला, हायड्रोजन. प्लॅटिनमची पट्टी आम्लात उभी करायची, तिच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सोडायचे आणि तिला म्हणायचं शून्य. ते शून्य निसर्गाने दिलेलं नाही, माणसांनी मिळून मानलेलं आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात ना, तसंच."

"मग तू पोटात बुडबुडे घेऊन पोहतोस?"

"मला गॅस होतील," बांगडा गंभीरपणे म्हणाला. तिघी खो खो हसल्या. "मी चांदीची तार वापरतो. तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा (चांदी आणि क्लोरीनच्या संयुगाचा) थर असतो. हायड्रोजनच्या तुलनेत ती कुठे आहे हे पक्कं ठाऊक आहे, आणि समुद्रात ती आपली जागा सोडत नाही. बोटींसाठीची उणे ०.८० ची रेघ या तारेपासूनच मोजलेली आहे."

चांदीची तार.

रुचिताचं हसू जागच्या जागी विरलं. गेल्या गुरुवारी बांगड्याची तार जाळ्यात अडकून तुटली होती, आणि ती दुरुस्त केली होती तिनेच. जुन्या मोटरमधली तार काढून पाच मिनिटांत जोडली होती. "तार म्हणजे तार!" असं ऐटीत म्हणाली होती. धक्क्यावर टाळ्या पडल्या होत्या. बाबांनी तर दिसेल त्याला बोलावून सांगितलं होतं.

"बांगड्या... तुझ्या पोटातली तार चांदीची नाहीये."

"माझ्या नोंदीत चांदीची आहे."

"नोंदीत असेल. मी तांब्याची लावलीय. तांब्यासमोर आकडा कमीच येतो, खिळ्याचा आला तसा!"

आत्ता तिच्या डोक्यात आलं, त्या नऊही बोटी गुरुवारनंतरच मोजलेल्या होत्या. फाल्गुनात पाण्यात उतरलेली नवीकोरी बोटसुद्धा त्या नऊ जणींत होती. नवी बोट एवढ्यात गंजेल कशी? कुणीच विचारलं नाही. तिनेही नाही.

बंदराच्या कपाटात चांदीची जादा तार होती. तिने ती बसवली. बांगडा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या सातेरीखाली बुडी मारून गेला. पाण्यावर चार बुडबुडे आले, मग काहीच नाही.

बांगडा वर आला. "उणे ०.८५. तळ धडधाकट आहे."

"सुटलीस गो!" शमिका तिच्या कानाशी लागली. "आता गप्प बस. आठही बोटी गुपचूप मोजून टाकू, म्हणू बांगडाच बिघडला होता. कुणाला कळणार आहे?"

पण बांगड्याच्या नोंदीत त्या चुकीच्या आकड्यांपुढे अजून 'चांदी' असंच लिहिलेलं होतं, आणि त्या नोंदीवर त्याचा पूर्ण विश्वास होता. रुचिताला ते सहन होईना.

ती धावतच धक्क्याच्या त्या टोकाला निघाली. बाबा सातेरीवरची जाळी उतरवत होते, आई खाली धक्क्यावर उभी राहून त्यांच्या घड्या घालत होती.

"काय झाला गो चेडवा?" बाबांनी विचारलं. "रडतंस कित्याक?"

"रडत नाहीये!" रुचिताने नाक पुसलं. "बाबा, जाळी परत चढवा. पत्रे कापायचे नाहीत. सातेरी धड आहे, चूक मी लावलेल्या तारेत होती. आई, मी आत्ता बंदराच्या भोंग्यावर जाऊन हे सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या नावासकट. मग सोमवारच्या आत बाकीच्या आठही बोटी मी आणि बांगडा परत मोजणार. आणि दहावीनंतर मी हेच शिकणार आहे, नीट, पहिल्यापासून. आता मला कुणी अडवू नका!"