गाठ बांधलेला पाय

ही गोष्ट २०४१ सालची. कोल्हापुरातल्या चाल-प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी आपटे यांनी एका पायापुढे हात टेकले होते. पाय धनाजी खोतांचा. खरा गुऱ्हाळाच्या चरकात गेला, हा कृत्रिम. दर पावलानंतर तो अडून बसायचा. शुक्रवारी पाय वाटणाऱ्या समितीपुढे त्यांनी एकट्याने चालून दाखवलं नाही, तर तो रांगेतल्या पुढच्या रुग्णाला जाणार होता.

“मोटर ठणठणीत आहे,” अभियंता आबिद मुजावर म्हणाला. “यातली यंत्रबुद्धी माणसाची जुनी चाल बघून शिकते. पुढचं पाऊल कधी टाकायचं, ते कमरपट्ट्यातल्या संवेदकाला जाणवणाऱ्या ओढीवरून ठरवते.”

“जुनी चाल कुठली दाखवलीस?”

“लग्नाची सीडी. यांचं चालतानाचं दुसरं चित्रणच नाही.”

“त्यात मी लई बारीक होतो,” धनाजी म्हणाले.

एवढ्यात कंटाळलेल्या सुरेखाबाई आत आल्या. “अवो, चला की, एसटी चुकंल,” म्हणत त्यांनी नवऱ्याचा कमरपट्ट्यात खोचलेला सदरा मागून ओढला आणि सोडला. पायाने झोकात पाऊल टाकलं.

मृण्मयीताईंनी चित्रण पुन्हा लावलं. उपरण्याला शालूची गाठ मारून जोडी देवदर्शनाला निघालेली. नवरदेव पाऊल टाकतो, उपरणं ताणतं, तो थांबतो. नवरी जवळ आली की ताण सैलावतो, मग पुढचं पाऊल.

“आबिद, पाय बरोबर शिकलाय. तो ताण सैल व्हायची वाट बघतोय.”

“पण समितीपुढे वहिनींना कसं न्यायचं?”

“वहिनी कशाला? ओझं चालेल.”

शुक्रवारी धनाजी कमरेच्या उपरण्याला गुळाची ढेप बांधून चालले. पाऊल टाकलं की उपरणं ताणायचं, ढेप सरकली की सैलावायचं. समितीला हसू आवरेना, पण नियमांत ढेपेला मनाई नव्हती.

पाय पदरात पडल्यावर आबिदने त्याला मोकळी चाल शिकवली. थोड्याच दिवसांत खोत नवराबायको पुन्हा दारात.

“पयल्यासारखा करा,” सुरेखाबाई म्हणाल्या. “लग्नापास्नं हे माझ्यासाठी थांबत चालत्यात. आता बाजारात मी मागंच राहते, आन् हे पुढं जाऊन भलत्याच बाईला ‘भाजी कुठली घ्यायची’ म्हणून इचारत्यात.”

मृण्मयीताईंनी धनाजींना चालवून पाहिलं. त्यांचा दुसरा, खरा पाय अजूनही दर पावलाला किंचित थांबत होता. घाई नव्याचीच होती. आबिदने जुनी चाल परत भरली.

मृण्मयीताई निवृत्त होऊन सांगलीला गेल्या. आबिद प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. धनाजी बऱ्याच वर्षांनी वारले, तेव्हा पाय नियमाप्रमाणे परत आला. त्यातली चाल पुसण्याआधी आबिदने सुरेखाबाईंना बोलावून घेतलं आणि चाचणीच्या लोखंडी घोडीवर टांगलेला पाय चालू केला.

त्यांनी कमरपट्टा हलकेच ओढला, मग सोडला. गुडघा वाकला, पाऊल पुढे पडलं, आणि त्यांच्यासाठी थांबलं.