बायकांचा सज्जा

छावणीतल्या दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत साडेबारा वाजले. एप्रिलचं ऊन मी मी म्हणत होतं. रिक्षा मिळेना आणि अण्णांचे पाय लटपटायला लागले, तशी करुणा त्यांना धरून समोरच्या फाटकात शिरली. आत कडुनिंबाची सावली होती. दारावर पाटी होती, 'बेने इस्राएल वारसा संग्रहालय'. पूर्वी ते सिनेगॉग होतं. प्रार्थनेला लागतात तेवढीही ज्यू माणसं उरली नाहीत, तेव्हा बंद पडलेलं.

अण्णा म्हणजे करुणाचे वडील, सदाशिवराव. तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. फुलंब्री तालुक्यातला एकेक बांध त्यांना तोंडपाठ होता. आता पोटची लेकही ओळखू येत नव्हती. करुणाचं औषधांचं दुकान होतं. या आजारात काय काय होतं, ते तिला ठाऊक होतं. तरी रोज सकाळी अण्णांनी "आपण कोण बाई?" म्हटलं की ती पुन्हा आपलं नाव सांगायची.

दाराशी अण्णा थांबले. त्यांनी उजव्या हाताची बोटं चौकटीला टेकवली आणि ओठांना लावली.

तिकीट देणाऱ्या माझेलबाई वाक्रुळकर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सत्तरी उलटलेली, डोळ्यांना जाड चष्मा. "पाहुणे आमच्यातले का?"

"नाही हो. आम्ही फुलंब्रीचे."

"मग त्यांना कसं ठाऊक? तिथं एक डबी होती, आत शास्त्राचा कागद. येताजाता आम्ही हात लावायचो. मी लहान होते तेव्हाच काढली ती. वर किती वेळा रंग बसलाय."

करुणानं ते मनावर घेतलं नाही. या आजारातली माणसं काहीही चाचपत बसतात.

आत गार होतं. चुन्याचा आणि जुन्या सागवानाचा वास येत होता. काचेच्या कपाटांत चांदीचा पेला, मलिद्याच्या प्रसादाचं ताट, मराठीत छापलेली प्रार्थनेची पुस्तकं. अण्णांनी कशाकडंच पाहिलं नाही. ते सरळ तिसऱ्या बाकाकडं गेले आणि बसले. मग थोडे भिंतीकडं सरकले, कुणाला जागा करून द्यावी तसे. पुन्हा सरकले.

मग ते म्हणायला लागले. आवाज हळू होता, पण अडखळत नव्हता. अण्णांना मराठी यायची, मोडी यायची, निजामाच्या दप्तरातलं उर्दू यायचं. हे त्यातलं काहीच नव्हतं.

माझेलबाईंनी करुणाचा दंड धरला. त्यांची बोटं थंडगार होती.

"प्रार्थना आमचीच आहे. चालसुद्धा. माझे वडील म्हणायचे अशी. ते गेल्यावर कुणाच्या तोंडून ऐकली नाही मी."

"टीव्हीवर ऐकली असेल कधीतरी," करुणा म्हणाली.

अण्णा मधेच थांबत. समोरून उत्तर यायला लागावा तेवढाच वेळ. तेवढ्या वेळात डोक्यावरचा पंखासुद्धा ऐकू येत नव्हता. मग मान हलवून ते पुढं सुरू करत.

एकदा मात्र ते थांबले ते थांबलेच. त्यांनी वळून करुणाकडं पाहिलं. नजर स्वच्छ होती.

"लेआ! अगं पुरुषांत काय उभी राहिलीस?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. फक्त नाव तिचं नव्हतं.

"अण्णा, मी करुणा."

"वर जाऊन बस. सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी."

ते बाकाची कड धरून उठायला लागले. करुणानं वर पाहिलं. तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जा होता.

"बायका तिथं बसायच्या," माझेलबाई पुटपुटल्या. त्यांची नजर अण्णांवरून हलत नव्हती.

"लेआ, जा ना गं."

किती मायेनं म्हणाले ते. आत्ता नाही गेले तर ही ओळखीची नजर विझेल, एवढंच करुणाला कळलं. ती मागच्या कोपऱ्यातल्या जिन्याकडं धावली.

जिना अरुंद होता. आत मिट्ट काळोख. ती भिंतीला हात लावत चढली. लहानपणी अण्णांनी लावलेल्या सवयीनं तिनं पायऱ्या मोजल्या. सतरा. सगळ्या पायाखाली घट्ट, आणि नुकत्याच कुणी पुसून घेतल्यासारख्या ओलसर.

सज्ज्याच्या कठड्यावरून तिनं खाली पाहिलं. अण्णांचा चेहरा निवला होता. ते तिच्याकडं बघून हसले, अगदी बापासारखे.

"बसले," ती म्हणाली.

खाली जिन्याच्या तोंडाशी मोबाइलचा उजेड पडला.

"ओ ताई!" माझेलबाईंचा आवाज चिरकला होता. "चढू नका! मधल्या सहा पायऱ्या कधीच्याच गळून पडल्यात!"

करुणानं वाकून पाहिलं.

उजेड एकेक पायरी चढत वर आला, सहावीपाशी थांबला, आणि तिथून पुढं नुसत्या पोकळीत शिरला.