सगळीकडे आत

पाथर्डीच्या डोंगरकडेला खडकवस्ती आहे. तिथं दुपारी जमीन हादरते, मांडणीवरची भांडी वाजतात, अशी तक्रार होती. लोकांचा संशय दगडखाणीतल्या सुरुंगांवर. सुरुंग की भूकंप, एवढंच ठरवायला मला हादरे टिपणारी यंत्रं देऊन पाठवलं.

फरक कळतो. सुरुंग उडाला की जमीन चहूकडे बाहेर ढकलली जाते. प्रत्येक यंत्रावर पहिला धक्का बाहेरचा. भूकंपात खडक घसरतो, म्हणून कुठे बाहेर, कुठे आत, म्हणजे उगमाकडे.

शाळेत, देवळापाशी आणि झुंबरबाईंच्या अंगणात मी यंत्रं बसवली. बाईंचा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. नातवंडं त्यांच्याकडे राहून शाळेत जात. खाण बंद करवली, तरी दोन दुपारी हादरा आलाच.

तिन्ही यंत्रांवर पहिला धक्का आत.

तारा उलट्या जोडल्या असतील म्हणून तपासल्या. घणाचा ठोका मारून पाहिला. यंत्रं ठीक होती. जमिनीखालची पोकळी ढासळली तर असं होतं. पण इथं अखंड काळा पाषाण, आणि वर साधी भेगही नाही. तिन्ही यंत्रांनी दाखवलेल्या दिशा शाळेमागच्या पडीक रानात मिळत होत्या.

"म्याडम, सुरुंग का भूकंप, येवढं सांगा," सरपंच भागवत बाईंच्या अंगणात येऊन म्हणाले. "पोरं शाळंत बसवायची का न्हाई?"

"बाहेर काढा. कारण विचारू नका."

झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. "आदी वढतंय," त्या हळूच म्हणाल्या. "मंग वाटतं, आता सोडंल. सोडीत न्हाई."

मी आलेख पुन्हा उघडला. आत गेलेली रेघ जागेवर परतलीच नव्हती. आधीच्या हादऱ्याचीही नाही.

मुलं पटांगणात रांगेनं उभी केली, तेवढ्यात पुन्हा हादरा बसला. खिडक्या थरथरल्या. एकही मूल ओरडलं नाही.

"समदी हायती," भागवतांनी सुस्कारा सोडला. "कुनाला काय झालं न्हाई."

मला मात्र मुलांवरून नजर काढता येईना. सगळी किंचित पुढे झुकली होती. एकाच बाजूला. त्या रानाकडे.

"त्यांना सरळ उभं राहायला सांगा."

"सरळच हायती की, म्याडम."

भागवतही झुकलेले होते.

मी खाली पाहिलं. माझ्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या.