फटीपलीकडचे हात

नकाशावर ती वाट तुटक रेघेने दाखवली होती, आणि नवरा मोजणी खात्यात असल्यामुळे त्याला तुटक रेघांचं भारी वेड. "तीन किलोमीटर. जेवायच्या वेळेला परत," तो म्हणाला होता. ती प्रयोगशाळेत काम करणारी, प्रत्येक नमुना दोनदा तपासणारी. ठकी झाल्यापासून ही सवय घरभर पसरली होती. गाडीपाशी ती पिशवीतलं पाणी, पट्ट्या, ओले रुमाल पुन्हा एकदा बघत होती.

"अस्वल आलं तर त्याचेही हात पूस," नवरा म्हणाला.

"तू आहेस की पुढे. आधी तुझ्याकडेच येईल."

ठकी अडीच वर्षांची. तिला एकमेकांकडे देण्याची दोघांची एक पद्धत होती. ती तान्ही असताना एकदा दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने धरलीय. आणि पोर खाली आपटली. खाली गादी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून देणाऱ्याने विचारायचं, "सोडू?" आणि "सोड" ऐकल्याशिवाय बोटसुद्धा ढिलं करायचं नाही. नणंद हसायची, "पोर देताय की काचसामान?" हसेना का. दोन वर्षांत पुन्हा काही झालं नव्हतं.

वाट झाडीत शिरली आणि ऊन हिरवं झालं. पानांचा थर इतका जाड होता की पाऊल टेकल्यावर जरा वेळाने त्याचा आवाज यायचा. कुठूनतरी ओल्या लाकडाचा गोडसर वास येत होता. चालता चालता झोप लागावी तसं तिचं अंग हलकं झालं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, आपण कुजबुजत बोलतोय.

"इथे कोणी येत नाही म्हणालास ना?"

"वर्षानुवर्षं नाही. का?"

"पायाला, कमरेला कोळ्याचं एकही जाळं लागलं नाही."

तो थांबला. वाटेवर आलेल्या फांद्या कुणीतरी मागे वळवून एकमेकींत गुंतवल्या होत्या. पण फक्त खालच्या. वरच्या तशाच होत्या, त्याच्या कपाळाला ओरखडे काढत. मोकळी जागा होती ती लहान मुलाच्या उंचीएवढी.

"गुराखी असतील," तो म्हणाला. गुरं कुठेच नव्हती.

ठकी तिच्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होती.

"कोण गं?"

"कोनी नाई."

पुढे दोन प्रचंड कातळ एकमेकांना टेकले होते. मध्ये फट होती, एका माणसाने आडवं होऊन जावं एवढी. पोर कडेवर घेऊन जाणं शक्य नव्हतं.

"थांब. मी वरून वळसा घालून पलीकडे जातो. मग तिकडून फटीत शिरतो, तू दे तिला माझ्याकडे," नवरा म्हणाला आणि कातळाच्या कडेने चढत दिसेनासा झाला.

ती उभी राहिली. फटीतून गार हवा येत होती. मग पलीकडून, फटीतल्या अंधारातून दोन हात पुढे आले, मनगटापर्यंत उजेडात.

तिने ठकीला आडवी धरून आत सरकवली. त्या हातांनी तिला काखेत नीट धरलं.

"सोडू?"

"सोड."

तिने सोडली.

"अगं, वरून रस्ताच नाही."

आवाज मागून आला. नवरा कातळावरून तिच्याच बाजूला उतरत होता. गुडघ्याला माती. "मीच जातो फटीतून. ठकी कुठाय?"

तिने फटीकडे बोट केलं.

"कुणाला दिलीस?"

"तुला," ती म्हणाली.

ती फटीत घुसली. कोपर सोललं, गाल घासला. दहा पावलं होती, फार तर बारा.

पलीकडे ऊन होतं. एका सपाट दगडावर ठकी बसली होती. एकटी.

ती रडत नव्हती. आईकडे तिने जरा उशिराच पाहिलं, ओळख पटायला वेळ लागावा तसं. मग हसली आणि हात पुढे केले.

ठकीला फटीतून हातोहात अलीकडे आणलं. परतताना नवरा सारखा बोलत होता. प्रतिध्वनी. सावली. तुझी झोप नीट होत नाही. ती ऐकत नव्हती. ठकी कडेवरून उतरायचा हट्ट धरून पुढे चालत होती. घरातल्या पायऱ्यांवरही बोट न सोडणारी पोर उतारावर एकदाही धडपडली नाही. एका वळणाआधी थांबून ती म्हणाली, "बाबा, इथे खाली बघून चाल." पानांखाली खड्डा होता.

गाडीपाशी नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "बघ. आहे ना धडधाकट?"

ती मागच्या सीटवर ठकीचे बूट काढायला बसली. बूट निघेना. गेल्याच आठवड्यात घेतलेले, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. ओढून काढला तेव्हा मोज्यात बोटं दुमडून लाल झाली होती.

"चालून सुजले असतील पाय," नवरा म्हणाला.

तिने मोजा उतरवला. पाय सुजला नव्हता. लांब झाला होता.

आणि नखं कापलेली होती. पंधरा दिवस ती कात्री घेऊन मागे लागली होती, ठकी पायाला हात लावू देत नव्हती. आता पाचही नखं गोल कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

ठकीने दुसरा पाय आपणहून आईच्या मांडीवर ठेवला आणि बोटं फाकवून स्थिर धरली, रोजची सवय असल्यासारखी.