सोळा अंशांची खोली

खोलीचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट निवडायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत दादाने चार वेळा फोन करून विचारलं, "अगं, लग्न ठरवतेयस की मशीन घेतेयस?" त्याचं काय जातंय बोलायला! तो दुसऱ्या शहरात, त्याच्याकडे वहिनी दिवसभर घरी. इथे बाबा आणि मी.

माझं काम तापमापक तपासण्याचं. दवाखान्यांतून, औषधांच्या गोदामांतून ते आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी आधी बर्फाच्या लगद्यात बुडवून बघते. शून्य दाखवलं तर पुढचं बोलणं, नाही तर कितीही देखणं असो, परत. माणसांच्या बाबतीतही माझं असंच आहे असं वहिनी म्हणते, आणि ते काही फार खोटं नाही.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय गेले, बोलणं वाचलं, पण गार-गरम कळेनासं झालं. एक दिवस हीटर बंद पडला. मी घरी आले तर बाबांचे ओठ निळे, आणि स्वारी मजेत पेपर वाचतेय. डॉक्टरांनी बजावलं, खोली कायम बावीस अंशांवर हवी. दादाने लगेच वृद्धाश्रमाची माहिती काढली. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी तीनला जातात, मी पाचला येते. मधल्या दोन तासांचं काय, हा त्याचा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता.

"मला एक महिना दे," मी म्हणाले. "रोजची नोंद पाठवते. एकदा जरी आकडा घसरला तर तू म्हणशील तसं."

"मी इथून आडवाच जाणार," बाबा पेपरामागून म्हणाले. त्यांना घराबाहेर काढायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

आमच्या घरातले दिवे, पडदे, दाराचं कुलूप, सगळं आधीच फोनवर चालायचं. हीटर तेवढा राहिला होता. मी दोन थर्मोस्टॅट घरी आणून त्यांचे सेन्सर बर्फात आणि कोमट पाण्यात तपासले. त्यांतला एक घेतला. तो घरातल्यांच्या सवयी बघून शिकायचा आणि मग आपल्या आपण तापमान ठेवायचा.

चौथ्या दिवशी त्याने नवीनच काहीतरी शिकून ठेवलं. दुपारी तीन ते पाच, सोळा अंश.

मी नोंद उघडली. चारही दिवस, तीन वाजून दहा मिनिटांनी बाबांच्या खोलीतलं तापमान बावीसवरून सोळावर आणलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'हाताने, भिंतीवरून.'

थर्मोस्टॅट पलंगापासून आठ पावलांवर, दाराशेजारी. बाबा आधाराशिवाय उठून बसूही शकत नाहीत.

मी फिटरला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, तारा ओढून पाहिल्या. "ताई, भुतं मशीनमध्ये नसतात, वायरिंगमध्ये असतात," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. वायरिंग नवं टाकलं. दादाला मी कळवलं, महिना पुढच्या सोमवारपासून धर, हा आठवडा चाचणीचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन दहा, पुन्हा सोळा.

मग मी सांकेतिक क्रमांकाशिवाय हलणार नाही असा दुसरा आणला. क्रमांक फक्त मला माहीत. त्याच्या नोंदीत आलं, 'क्रमांक बरोबर. हाताने.'

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

कॅमेऱ्याला बाबा तयार होईनात. "मी काय दुकान आहे?" म्हणाले. मग मी रजा घेतली. मावशी गेल्या. मी खिडकीजवळच्या खुर्चीत ठाण मांडून बसले आणि बाबांकडे पाहिलं. ते अस्वस्थ होते.

"तू पलंगावर बस ना," ते म्हणाले.

"का? खुर्चीला काय झालं?"

"ती मग कुठे बसणार?"

"कोण? आई?"

"तुझी आई कशाला!" बाबा चिडलेच. "तुझ्या आईला भर उन्हाळ्यात मोजे लागायचे. हिला उकडतं."

"कोण आहे पण ती?"

"मी विचारलं नाही. बिचारी गप्प बसून असते. तुमच्यासारखी कटकट नाही."

तीन दहा झाले, सव्वातीन झाले. आकडा बावीसच. साडेतीनला मी चहा टाकायला उठले. पाच मिनिटांत परतले तेव्हा थर्मोस्टॅटवर सोळा होते, आणि मी इतका वेळ बसलेली खुर्ची फ्रिजमधून काढल्यासारखी गार होती. बाबा खुर्चीच्या दिशेने हसत होते.

मी कप खाली ठेवला. डोकं चालू होतं. आमच्या प्रयोगशाळेत दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळी तापमानं हवी असली की आम्ही वाद घालत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र टाकी देतो, आणि दोन्ही टाक्या बिनबोभाट आपापल्या आकड्यावर राहतात. बारा वर्षं मी हेच करत आलेय.

तिसरा थर्मोस्टॅट मी तसा बघूनच निवडला. प्रत्येक खोलीला वेगळं तापमान, आणि कोणत्या खोलीत किती माणसं आहेत ते ओळखणारं यंत्र. बाबांच्या शेजारच्या छोट्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा होत्या. मी ती रिकामी केली, पुसून काढली, खिडकीजवळची खुर्ची उचलून तिथे नेली. त्या खोलीला सोळा अंश लावले. दाराशी उभी राहून, स्वतःला वेडी म्हणत, मी मोठ्याने सांगितलं, "ही तुमची. ती माझ्या बाबांची."

सोमवारी तीन वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेत माझा फोन वाजला. 'छोटी खोली. सोळा अंश. एक व्यक्ती.'

बाबांची खोली बावीस.

मंगळवारी बावीस. पूर्ण आठवडा बावीस. मी रोज सकाळी दादाला नोंद पाठवत होते. छोट्या खोलीची ओळ तेवढी कापत होते. तीन दहाला फोन वाजला की मी पाहायची आणि कामाला लागायची. सवय होते माणसाला. एकदा तर तीन अकरा झाले तेव्हा मी चक्क काळजीत पडले.

बाबा तेवढे विचारायचे, "खुर्ची का नेलीस गं?" मी म्हणायची, "जागा मोकळी झाली." ते मधल्या भिंतीकडे बघत राहायचे.

तिसाव्या दिवशी तीन दहाला फोन वाजला.

'छोटी खोली. सोळा अंश. दोन व्यक्ती.'

खाली दुसरी ओळ होती. 'बाबांची खोली. बावीस अंश. रिकामी.'

मी थंडीचा कोट न घालताच धावत सुटले.

दाराचं कुलूप जागच्या जागी. आत सगळं शांत. छोट्या खोलीचं दार मी सकाळी लावलं होतं तसंच लावलेलं.

बाबा पलंगावर होते. पांघरूण छातीपर्यंत, हातात पेपर.

"धापा काय टाकतेयस?" ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि सोडून दिला.

पिशवीत माझा तापमापक होता, त्याच सकाळी बर्फात तपासलेला. तो मी त्यांच्या त्याच तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली. आकडा उतरत गेला. थांबला तेव्हा सोळा होते.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"इथेच, शेजारी. मोकळं वाटतं तिथे."

फोन वाजला. दादा होता. "सकाळची शेवटची नोंद बघितली. महिनाभर बावीसच्या बावीस! जिंकलीस तू. बाबा तिथेच राहू देत."

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणतो तो?" बाबांनी विचारलं, आणि मूठ उघडून त्यातला तापमापक उचलून मला परत दिला, डाव्या हाताने.