पॅसेजमधल्या चार खुर्च्या

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण हे घडलंय. आणि ज्या माझ्या मावशीच्या घरात घडलं, ती उगाच घाबरणारी बाई नाही. पाल दिसली तर केरसुपलीत घेऊन बाहेर सोडते, वर तिलाच दोन शब्द सुनावते.

गेल्या महिन्यातला गुरुवार. संध्याकाळचे पाच. घरात लख्ख उजेड.

आजोबांचं, म्हणजे मावशीच्या वडिलांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. पॅसेजच्या टोकाची खोली तिने त्यांना दिली होती. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर जपा. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. उठता-बसता त्यांच्या श्वासाकडे कान.

"हाताला काहीतरी काम लाव," काका म्हणाले. "नाहीतर तुलाच ॲडमिट करावं लागेल."

तिने भंगारातून चार जुन्या खुर्च्या आणल्या. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातल्या. व्हिडिओ बघून जुनं कापड उसवलं, गंजक्या पिना पकडीने उपसल्या, नवा फोम घातला आणि हिरवं रेक्झिन ताणून ठोकलं. कोपऱ्यांना सुरकुत्या पडल्या, पण जमलं. एक चूक मात्र झाली. रेक्झिन तिने खालूनही लावलं. हवेला वाटच ठेवली नाही.

त्यामुळे कुणी बसलं की शिवणीतून आवाज यायचा. फुस्स… उठलं की गादी सावकाश फुगायची.

"खुर्च्या केल्यास की फुगे?" काका म्हणाले. त्यावर आजोबा हसले. कितीतरी दिवसांनी.

खुर्च्या पॅसेजमध्ये ओळीने लावल्या. पहिली बाहेरच्या दाराशी. चौथी आजोबांच्या खोलीशी.

त्या गुरुवारी काका कामावर होते. मावशी ओट्यापाशी.

फुस्स…

बाबा उठले की काय, म्हणून ती धावली.

आजोबा पलंगावर गाढ झोपले होते. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं.

पण पहिल्या खुर्चीची गादी… दबलेली होती.

"फोम आहे गं. दबतो, फुगतो," काका रात्री म्हणाले. तिलाही पटलं. नवशिक्याचं काम, दुसरं काय.

शुक्रवारी पाचला पुन्हा आवाज. पहिली गादी हळूहळू फुगत होती.

आणि दुसरी… दबली होती.

मावशीने दाभण घेतलं. चारही खुर्च्या उलट्या करून खालून भोकं पाडली. आता हवा कोंडणं शक्य नव्हतं. आवाजही येणं शक्य नव्हतं.

शनिवारी पाचला, फुस्स…

तिसरी.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. दवाखान्यात आपण असंच करतो. पुढची जागा रिकामी झाली की एकेक खुर्ची सरकतो. आत जाईपर्यंत.

आणि चौथीच्या पुढे बाबांची खोली होती.

रविवारी पाचला पाच कमी असताना ती स्वतः चौथ्या खुर्चीवर जाऊन बसली. अंगाचा सगळा भार टाकून, खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरून. मनात एकच. इथे मी आहे. ही जागा मिळणार नाही.

पाच वाजले.

शेजारची तिसरी गादी हळूहळू फुगली…

आणि तिच्या खालची गादी, ती आधीच बसलेली असताना, आणखी खाली गेली.

फुस्स…

काका बाथरूममधून आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. त्याच संध्याकाळी त्यांनी टेम्पो बोलावला आणि खुर्च्या भंगारात परत गेल्या.

सोमवारी पाचला काही झालं नाही. मंगळवारीही नाही. आजोबा सुधारत गेले, बाहेर येऊन सोफ्यावर बसू लागले. मावशी म्हणाली, सुटलो बाई.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, पाच वाजले आणि बाबा सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला येऊन बसले. ही त्यांची नेहमीची जागा नाही.

काल पुन्हा फोन. पाच वाजले तसे ते मधल्या जागेवर सरकले. तिने विचारलं, "बाबा, तिकडे का सरकलात?"

"पुढची जागा रिकामी झाली ना, बाळ," आजोबा म्हणाले. अगदी साधेपणाने.

सोफा तीन जणांचा आहे.

मी रिक्षात आहे. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. मावशी फोन उचलत नाहीये.