नळ गुलाबी होईपर्यंत

अमेरिकेतल्या आमच्या या गावात, स्टेट कॉलेजमध्ये, ऑक्टोबर संपत आला की लोक पानं गोळा करतात, बर्फाची फावडी गराजमध्ये हाताशी येतील अशी ठेवतात, आणि ज्यांच्या दारात मोटरहोम, म्हणजे सिंक-बाथरूमसकट फिरतं घर असलेली गाडी, उभी असते ते तिच्यातलं पाणी काढून टाकतात. आमच्या दारात आहे एक. आमच्या म्हणजे नकुलच्या, आणि नकुलच्या म्हणजे खरं तर रेणूच्या. नकुल माझा नवरा. रेणू त्याची पहिली बायको. ती कॅन्सरनं गेली त्याला चार वर्षं झाली, आणि आमच्या लग्नाला दोन.

गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये एवढी अक्कल मला आहे. तरी मी करते. जिवंत सवत असती तर कडाकडा भांडले असते, हिच्याशी भांडायचं कसं? घर मी हळूहळू माझं करून घेतलं. पडदे बदलले, मसाल्याचा डबा बदलला, फ्रीजवरचे तिचे मॅग्नेट एका खोक्यात घालून अ‍ॅटिकमध्ये टाकले. मोटरहोम मात्र तशीच राहिली. तिथलं कपाट उघडलं की अजून वेलदोड्याचा वास येतो, कारण रेणू चहाचा डबा तिथे ठेवायची. सिंकशेजारी तिचा स्टीलचा तांब्या असतो, लग्नात मिळालेला, बुडाशी टिंबाटिंबांनी नाव घातलेला. सौ. रेणू.

उन्हाळ्यात आम्ही कुठेही गेलो की नकुल ते एक वाक्य म्हणणारच. "गाडी थांबली रे थांबली की रेणू आधी पाणी द्यायची."

म्हणून घरी त्याला पाणी मी देते. ऑफिसातून आला की दारातच. तो बूट काढायच्या आधी, उभ्यानं, भांडं ओठांना न लावता वरून गटागटा पितो, आणि रिकामं भांडं माझ्याच हातात देतो. तेवढं अर्धं मिनिट तो माझा असतो. त्यात रेणूचं नाव निघत नाही. हसू येईल कुणाला, पण या लग्नात मला पक्कं माझं असं वाटणारं तेवढंच आहे.

"विंटरायझिंगला माणूस बोलावतो," नकुल म्हणाला. "पूर्वी आम्ही दोघंच करायचो. मी बाहेर पंपापाशी, रेणू आत नळांवर. ती ओरडायची, 'झालं!' की मी म्हणायचो, 'हो, बंद करतो!'"

"या वर्षी मी करते."

"अगं, ट्रिकी असतं ते. एक नळ राहिला ना, तर पाइप फुटतो."

"टेस्टिंग करते मी, नकुल. चुका शोधायचाच पगार मिळतो मला."

तो हसला.

थंडीआधी करायचं हे काम तसं सोपं असतं. पाइपात पाणी राहिलं तर थंडीत ते गोठून फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून आधी टाकी रिकामी करायची, हीटर रिकामा करायचा. मग पंपाची नळी न गोठणाऱ्या गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायची, पंप चालू करायचा आणि एकेक नळ उघडायचा. नळ आधी खोकतो, हवा सोडतो, उरलंसुरलं पाणी थुंकतो आणि मग गुलाबी धार येते. गुलाबी दिसलं की समजायचं, तिथे पाण्याचा थेंब उरला नाही.

शनिवारी सकाळी छान ऊन होतं. टाकीतलं पाणी ड्राइव्हवेवरून वाहत रस्त्याच्या कडेला गेलं, ते मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले. मला बरं वाटत होतं. मग बाथरूमचा नळ, शॉवर, फ्लश, आणि शेवटी स्वयंपाकाच्या सिंकचा नळ. सगळीकडे स्वच्छ गुलाबी. जाता जाता तो तांब्या उचलला, इतर जुन्या भांड्यांबरोबर खोक्यात घातला आणि दुपारीच, दान आलेल्या जुन्या वस्तू विकतात त्या थ्रिफ्ट स्टोअरला देऊन आले. नकुलला सांगितलं नाही.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, तो बघायला आला. मी त्याच्यामागे उभी होते. त्यानं सिंकचा नळ उघडला आणि पाणी आलं. स्वच्छ, बिनरंगाचं पाणी.

"राहिलंय गं," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत ओंजळ धरून प्यायला.

"नकुल! केमिकल आहे त्यात!"

"साधं पाणी आहे. गोड आहे." त्यानं नळ बंद केला. "हा नळ रेणू शेवटी परत एकदा घ्यायची."

तो उतरून गेल्यावर मी तोच नळ उघडला. गुलाबी आलं.

एखादी गोष्ट एकदा घडली तर मी तिला गोष्ट म्हणत नाही. हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह नीट बंद नसेल, कुठल्या तरी वळणात पाणी साचलं असेल. रविवारी नवा कॅन आणून सगळं पहिल्यापासून केलं. नळ गुलाबी झाला. नकुलला हाक मारली.

"उघड."

त्यानं उघडला. पाणी. मी त्याला बाजूला केलं आणि उघडला. गुलाबी. पुन्हा त्यानं. पाणी. त्याच नळाच्या त्याच तोंडातून. गराजमधली बादली आणून मी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं, तेव्हा तो वैतागला. "कांचन, यार, एअर असेल लाइनमध्ये. किती डोकं लावशील?" त्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटली.

शेवटी मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून नळ फिरवला. काहीच आलं नाही. नळ नुसता खोकला.

मी पंप बंद केला, मोटरहोमची बॅटरी काढली आणि दोन्ही हातांनी उचलून गराजमध्ये नेऊन ठेवली. बॅटरी नाही तर पंप नाही, पंप नाही तर पाणी नाही. एवढं विज्ञान मला पुरे होतं.

नोव्हेंबरात बर्फ पडला. नकुल ऑफिसातून आला की गाडी लावून आधी मोटरहोममध्ये जायला लागला. कधी म्हणे उंदीर शिरतात, कधी म्हणे छप्पर गळतंय का बघतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायचे. बर्फात त्याच्या एकट्याच्या पावलांचे ठसे, जाताना आणि येताना. आत दिवा लागत नसे. तो परत यायचा तेव्हा त्याच्या मिशा ओलसर असायच्या. त्या थंडीत बाहेर ओल्या मिशांवर लगेच बर्फ धरतो, याच्या मिशा नुसत्या ओल्या.

मी भांडं पुढे करायचे.

"नको, आत्ताच प्यायलो."

"कुठे?"

"ऑफिसमध्ये गं."

भरलेलं भांडं घेऊन मी तशीच दारात उभी राहायचे. मग ते सिंकमध्ये ओतून टाकायचे. असे किती दिवस गेले ते मोजले नाहीत, पण माझं जेवणावरचं मन उडालं. रात्री तो शेजारी झोपला की त्याच्या श्वासाला वेलदोड्याचा वास येतो का, हे मी हुंगून बघायला लागले. यायचा.

डिसेंबरात एके दुपारी, तो घरी यायच्या बरंच आधी, मी स्वतः आत गेले. पारा शून्याच्या बराच खाली होता. दाराची कडी हाताला चिकटली. टेबलावर माझी उन्हाळ्यात विसरलेली पाण्याची बाटली गोठून फुटली होती. पंपाची नळी मी सोडली होती तशीच लोंबत होती.

सिंकशेजारी तांब्या होता.

नकुलनं तो थ्रिफ्ट स्टोअरमधून परत आणला असेल. असं होऊ शकतं. त्याला विचारायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. मी वाकून बघितलं. टिंबाटिंबांचं नाव तेच होतं. तांब्यावर एक फुलपात्र पालथं घातलेलं होतं, ते उचललं. पाणी काठोकाठ होतं आणि माझ्या श्वासानं हलत होतं. बोट बुडवलं. माठातल्या पाण्याइतकं गार, त्याहून जास्त नाही.

मी तांब्या उचलला आणि सिंकमध्ये रिकामा केला. आत होतं तोवर ते पाणी होतं. माझ्या हातून पडताना ते गुलाबी झालं.

"तो माझा नवरा आहे," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. "तुझी वेळ संपली. आता तो माझा आहे."

सिंकचा नळ खोकला.

मग मागे बाथरूममधला फ्लश खोकला.

मग शॉवर.

मी ज्या क्रमानं बंद केले होते, त्याच्या बरोब्बर उलट. कुणीतरी शांतपणे, घाई न करता, काम तपासत मागे चाललं होतं. मी बाहेर पडले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जीन्सच्या खिशात ठेवली. दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये होती, तीही घेतली.

त्या संध्याकाळी मी खिडकीत उभी होते. नकुलची गाडी आली. तो उतरला, मोटरहोमकडे एकदा बघितलं, आणि सरळ घराकडे वळला. बर्फात त्याचे ठसे दारापर्यंत येताना मी बघितले आणि मला रडूच फुटायला आलं. जिंकले, असं वाटलं. डोळे पुसले, केस सारखे केले, भांडं भरून घेतलं आणि दाराशी गेले.

तो हॉलमध्ये आला होता. बूट काढून कोपऱ्यात ठेवले होते, कोट खुंटीला होता. चेहऱ्यावर मला फार दिवसांत न दिसलेलं समाधान होतं.

मी भांडं पुढे केलं.

"नको," तो म्हणाला.

"आज तर ऑफिसातून सरळ आलास."

"अगं, आत्ताच तर दिलंस." त्यानं मिशांवरून हात फिरवला. "अजून किती पाजशील?"

त्याच्या मागे बुटांच्या रॅकवर एक फुलपात्र होतं. रिकामं, ओलं. आमच्या घरात माझी भांडी काचेची आहेत.

मी स्वयंपाकघरात परत आले. हातातलं पाणी ओतायचं म्हणून सिंकवर वाकले आणि घशाला कोरड पडली म्हणून आधी एक घोट घेतला. गोडसर, औषधी लागलं. भांडं उजेडात धरलं. मग सिंकचा नळ उघडला. आमच्या घरातला, मी स्वतः निवडून बसवलेला.

तो खोकला. थोडी हवा सोडली. एक-दोनदा पाणी थुंकला.

मग गुलाबी धार आली, एकसारखी, स्वच्छ. मला कुणाचाही आवाज आला नाही. घरात अगदी शांत होतं.

"हो, बंद करतो!" हॉलमधून नकुल मोठ्यानं, हसत म्हणाला.

तळघराचं दार उघडलं. घराच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह तिथे आहे. जिन्यावर त्याची पावलं वाजली, आणि माझ्यासमोरची धार बारीक बारीक होत गेली.